दोन रुपयांचे आमेर

जयपूर शहराची उत्तरेकडील वस्ती विरळ होत गेली, की उजव्या हातास मानसागर तलाव आणि त्याच्या पाण्यात उभा असलेला जलमहाल दिसू लागतो. तेथून पुढे अरवलीच्या टेकड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जवळ येतात, लहानसा घाट लागतो, आणि तो ओलांडताच डाव्या बाजूस डोंगराच्या उतारावर पिवळसर रंगाचा एक प्रचंड राजवाडा नजरेसमोर उभा राहतो. पायथ्याशी मावठा तलाव, मध्ये राजवाडा आणि त्याच्याही वर, डोंगरमाथ्यावर, जयगडाची तटबंदी. हेच आमेर. जयपुराहून अंतर उणेपुरे ११ किलोमीटर.

गाडीतील आम्ही मोठी माणसे ते दृश्य पाहून क्षणभर गप्प झालो. परंतु माझ्या शेजारी बसलेल्या अकरा वर्षांच्या नातीने विचारले, "आजोबा, हेच का ते दोन रुपयांचे आमेर?"

गाडीवान मराठी समजणारा नव्हता. पण 'दोन रुपये' आणि 'आमेर' एवढे शब्द त्याच्या कानी पडले असावेत. मागे वळून तो हसत म्हणाला, की बेटी, दोन रुपयांत आता आत कोण सोडतो? त्या काळचे तिकीट निराळे होते!

तिकीट निराळेच होते हे खरे. पण ती दोघे ज्या तिकिटांविषयी बोलत होती ती एक नव्हेत. गाडीवानाच्या मनात राजवाड्याच्या दारावरचे तिकीट होते, तर आमच्या नातीच्या मनात टपालाचे. ही गोष्ट उलगडून सांगावयाची तर मला थोडे मागे जावे लागेल.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, ते दोन वर्षांपूर्वी वारले. आमचे बालपण नाशिकात गेले. अण्णांना अकराव्या-बाराव्या वर्षी टपालाची तिकिटे जमविण्याचा नाद लागला. तो काळ १९५० च्या आसपासचा. लिफाफ्याचा कोपरा कात्रीने कापावयाचा, तो थंड पाण्याच्या ताटलीत घालावयाचा, डिंक सुटला की तिकीट अलगद काढून टीपकागदावर उपडे वाळत ठेवावयाचे, हा विधी आमच्या घरी दर रविवारी चाले. मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. पुढे मला ताटली धरण्याचा अधिकार मिळाला; तिकिटाला बोट लावण्याचा मात्र पुष्कळ दिवस मिळाला नाही.

अण्णांच्या वहीतील एक पान जयपूर संस्थानाचे होते. त्यावर त्यांनी पट्टीने बारा चौकोन आखले होते. आठ चौकोनांत तिकिटे होती. चार रिकामे होते, आणि प्रत्येक रिकाम्या चौकोनाखाली सुवाच्य अक्षरात काय हवे ते लिहिलेले होते. त्यांपैकी एकाखाली लिहिले होते : '२ रु. – आमेरचा महाल'.

आता अण्णांच्या चिरंजीवापुढे, म्हणजे माझ्या पुतण्यापुढे, या वहीचे काय करावे हा प्रश्न होता. पुण्यातील त्याचे घर लहान. अण्णांची पुस्तके, कागदपत्रे, तिकिटांच्या चार वह्या आणि शिवाय एक जाड पाकीट, एवढा संसार ठेवावयाचा कोठे? मुंबईतील एका व्यापाऱ्याला त्याने वह्या दाखविल्या. तिकिटे साधारण आहेत, बहुतेकांच्या पाठीस कागदी बिजागऱ्यांचे डाग आहेत, किंमत फारशी येणार नाही, असे त्या गृहस्थाने सरळ सांगितले. दिवाळीच्या सुटीत जयपूरला जाण्याचे ठरले, तेव्हा पुतण्याला वाटले, जयपूरच्या तिकिटांना जयपुरात चार पैसे अधिक मिळतील. म्हणून ती वही आणि ते पाकीट आमच्याबरोबर प्रवासास निघाले. त्याच्यावर मी रागावलो नाही. घर त्याचे, अडचण त्याची. आणि ज्या वस्तूकडे घरातील कोणीच पाहत नाही ती केवळ वडिलांची म्हणून किती दिवस जपावयाची, हा त्याचा प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता.

पण आगगाडीचा प्रवास लांबचा. नातीने आणलेली पुस्तके वाचून संपली, आणि वेळ जाईना म्हणून तिने ती वही उघडली.

*

जयपूरच्या त्या पानाची हकीकत सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील काही संस्थानांची स्वतःची टपालव्यवस्था होती व ती आपापल्या हद्दीपुरती स्वतःची तिकिटे काढीत. जयपूरने पहिली तिकिटे १९०४ साली काढली. त्यांवर रथारूढ सूर्यदेवाचे चित्र होते, कारण जयपूरचे कछवाह राजे स्वतःस सूर्यवंशी म्हणवीत. पुढे १९३१ च्या मार्च महिन्यात महाराजा सवाई मानसिंह दुसरे यांस राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. त्या प्रसंगी बारा तिकिटांचा एक देखणा संच निघाला. प्रत्येक तिकिटात मध्यभागी काळ्या शाईत चित्र आणि भोवती रंगीत चौकट. आम्हा मराठी माणसांना कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे हा संच छापला गेला तो नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात. १९२५ साली स्थापन झालेल्या या छापखान्यात भारताची तिकिटे छापण्याचे काम १९२६ पासून सुरू झाले. 'आपल्या गावी छापलेली तिकिटे जयपूरचे राज्य हिंडून पुन्हा आपल्या गावी आली,' असे अण्णा मोठ्या अभिमानाने म्हणत.

पाव आण्याच्या तिकिटावर सूर्याचा रथ, अर्ध्या आण्याच्या तिकिटावर महाराज, एका आण्यावर निशाणाचा हत्ती, दोन आण्यांवर चिलखत घातलेला स्वार, अडीच आण्यांवर मोर, तीन आण्यांवर बैलांचा रथ, चार आण्यांवर हत्तीचा रथ आणि सहा आण्यांवर अल्बर्ट संग्रहालय. एवढी आठ अण्णांच्या वहीत होती. आठ आण्यांचा सिरेह ड्योढी दरवाजा, एक रुपयाचा चंद्रमहाल, दोन रुपयांचा आमेरचा महाल आणि पाच रुपयांचे, ज्यावर महाराजा जयसिंह व मानसिंह यांची चित्रे होती, ही चार नव्हती.

का नव्हती, हे नातीने आगगाडीतच हिशोब करून शोधून काढले. सोळा आण्यांचा रुपया असे हे मी तिला सांगितले, तेव्हा तिने बेरीज केली. पाव आण्यापासून आठ आण्यांपर्यंतच्या नऊ तिकिटांची किंमत सव्वासत्तावीस आणे. आणि एकट्या आमेरची बत्तीस! "म्हणजे एवढे महाग तिकीट लावून पत्र कोण पाठवणार? आणि पाठवलेच नाही, तर पणजोबांच्या पत्रावर ते येणार तरी कसे?" असे ती म्हणाली. टपालाच्या दरांविषयी इतका सरळ विचार मी स्वतः कधी केला नव्हता.

जयपुरात दोन दिवस ते पान आम्हाला वाटाड्यासारखे उपयोगी पडले. अल्बर्ट संग्रहालयासमोर उभे राहून नातीने तिकीट व इमारत यांचा ताळा घेतला. नगरप्रासादात चंद्रमहालाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हा एक रुपयाचा." सिरेह ड्योढी बाजारात आठ आण्यांच्या दरवाजाचा शोध झाला. जे शहर आईबाप दाखवितात म्हणून मुले कंटाळत पाहतात, ते ती स्वतःचे काही हरवले असावे तसे शोधीत होती. राहता राहिले होते आमेर.

*

मावठा तलावाकडून वर जाणाऱ्या दगडी वाटेने आम्ही पायी चढलो. हत्तीवरून जाणारेही होते. पण सकाळची हवा थंड होती आणि चढण सोसण्याजोगी. सूरजपोलातून आत शिरले म्हणजे जलेब चौकाचे विस्तीर्ण पटांगण लागते. येथे सैन्याची जमवाजमव होत असे. कोपऱ्यात शिलादेवीचे मंदिर आहे. राजा मानसिंहाने ही मूर्ती बंगालकडून आणली. अकबराचा हा नामांकित सेनापती. त्याने १५९२ च्या सुमारास या राजवाड्याच्या बांधकामास हात घातला. पुढील राजांनी त्यात भर घातली, आणि १७२७ साली सवाई जयसिंहाने खाली सपाटीवर जयपूर वसवीपर्यंत कछवाहांची राजधानी येथेच होती. २०१३ साली युनेस्कोने राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत आमेर आहे.

मराठी माणूस या वाड्यातून फिरू लागला म्हणजे एक नाव त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. ते म्हणजे मिर्झाराजे जयसिंह. १६६५ साली पुरंदरास वेढा घालून ज्यांनी शिवाजीमहाराजांस तह करावयास लावला, तेच हे. गणेशपोलाचा रंगीत दरवाजा, त्यामागील बाग आणि आरशांचे जयमंदिर ही त्यांच्या काळची भर. आमच्या इतिहासाच्या पुस्तकातील शत्रूकडील सेनापती येथे रसिक घरधनी होऊन भेटतो. तहानंतर दोनच वर्षांनी, १६६७ मध्ये, दक्षिणेतून परतताना बऱ्हाणपुरास त्यांचा अंत झाला. एवढे सुंदर घर बांधणाऱ्याला अखेरचे दिवस घरापासून दूर काढावे लागले, हा विचार त्या आरशांपुढे उभा असताना मनास चाटून गेला.

नातीचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. तिकिटासाठी चित्र काढणाऱ्याने हा राजवाडा कोठून पाहिला असेल, हा तिचा प्रश्न होता. तलावापलीकडून? सूरजपोलासमोरून? की वर जयगडाच्या वाटेवरून? प्रत्येक ठिकाणी थांबून ती अंगठा व तर्जनी यांचा चौकोन करी आणि त्यातून एक डोळा मिटून पाही. तिच्या वडिलांनी खिशातून फोन काढला व म्हटले, "थांब, आत्ता दाखवतो तुला ते तिकीट. एका मिनिटाचे काम."

"नको!" ती जवळजवळ ओरडलीच. "मग शोधायचे काय?"

पुतण्याने फोन खिशात ठेवला. तो काही बोलला नाही. पण त्यानंतर त्यानेही दोन-तीनदा बोटांचा चौकोन करून पाहिला, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

जयमंदिराच्या एका खांबाच्या तळाशी संगमरवरात कोरलेले एक फूल आहे. वाटाडे त्यास जादूचे फूल म्हणतात. सहज पाहिले तर ते केवळ फुलांचे झाड. वर दोन फुलपाखरे. परंतु चित्राचा काही भाग झाकला, की उरलेल्या भागात कधी नागाची फणा दिसते, कधी माशाचे शेपूट, कधी हत्तीची सोंड, कधी विंचू, कधी मक्याचे कणीस. दगडाला हात न लावता, कागद आडवा धरून, नातीने एकेक आकृती शोधून काढली. विंचू सापडेना, तेव्हा मागे खोळंबलेल्या एका राजस्थानी बाईंच्या मुलाने तो दाखविला. मोबदला म्हणून तिने त्याला कमळ दाखविले. दोन्ही मुलांना एकमेकांची भाषा नीट येत नव्हती. पण देवाणघेवाण पुरी झाली.

मला अण्णांची आठवण झाली. भिंग घेऊन ते असेच एका तिकिटावर वाकलेले असत. चिलखती स्वाराच्या घोड्याच्या पायांत काय आहे, मोराच्या मागे झाड आहे की डोंगर, हे पाहण्यात त्यांचे तास जात. लहान वस्तू जवळून पाहण्याची सवय ही त्या छंदाची खरी कमाई होती, हे मला आमेरला त्या फुलापाशी प्रथम स्वच्छ उमगले.

*

दुपारी सुखमंदिराच्या सावलीत बसलो असता बोलणे साहजिकच त्या छंदाकडे वळले. पुतण्या म्हणाला, "काका, खरे सांगा, आजच्या मुलांना यात गोडी वाटेल का? पत्रेच येत नाहीत, तर तिकिटे कुठून येणार? आणि मोठी माणसे जमवतात ती पैशासाठी."

त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. आमच्या लहानपणी टपालवाला ही रोजची आशा होती. आज घरी येतात ती बँकेची व विम्याची पाकिटे, आणि त्यांवर तिकीट नसते, यंत्राचा शिक्का असतो. तारसेवा तर २०१३ च्या जुलैत बंदच झाली. जी वस्तू आपोआप घरी येत नाही, ती जमविण्याची हौस कशी लागावी?

परंतु मुलांची जमविण्याची हौस मेली आहे असे मात्र मला वाटत नाही. आमच्या नातीच्याच पिशवीत क्रिकेटपटूंच्या चित्रांचे पत्ते होते. कोणाच्या धावा किती, कोणाचे बळी किती, हे तिला तोंडपाठ. दोन साधे देऊन एक चांगला घेण्याचे व्यवहार शाळेच्या मधल्या सुटीत चालतात. अमेरिकेत मुलांनी बेसबॉल खेळाडूंचे पत्ते असेच जमविले. पूर्वी ते सिगारेटच्या पाकिटांतून व पुढे चघळण्याच्या गोंदाबरोबर मिळत. त्यांची कथा मोठी उद्‌बोधक आहे. १९५२ साली छापलेल्या एका संचातील न खपलेल्या पत्त्यांचे खोके १९६० साली समुद्रात बुडविले, असे ते काढणाऱ्या कंपनीच्या माणसाने पुढे सांगितले. त्याच संचातील मिकी मँटल या खेळाडूचा एक निष्कलंक पत्ता २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला! ही असली वार्ता ऐकून लोकांनी काय करावे? १९८० नंतरच्या दशकात हजारो गृहस्थांनी नवे पत्ते खोकेच्या खोके विकत घेऊन, मुलांचा हात न लागू देता, कपाटात बंद करून ठेवले. कंपन्यांनीही मागणीप्रमाणे अपरंपार छापले. परिणाम असा, की सर्वांनी जपले म्हणून ते कोणालाच दुर्मिळ राहिले नाहीत, आणि त्यांची किंमत कोसळली. ज्यांचे मोल आले ते पत्ते मुलांनी खेळून फाडले, आयांनी केरात टाकले, म्हणून थोडे उरले होते.

"आपल्या घरीही ती गोष्ट घडली आहे," मी म्हणालो आणि पिशवीतील जाड पाकिटाकडे बोट दाखविले.

अण्णांचा हा एक दुबळा कोपरा होता. नोकरीत स्थिरावल्यावर, साधारण १९८० च्या पुढे, कोणीतरी त्यांच्या मनात भरवून दिले, की नवी तिकिटे पत्रेच्या पत्रे घेऊन ठेवावीत, वीस वर्षांनी दसपट होतील. त्यांनी तशी घेतली. त्या तिकिटांना त्यांनी कधी भिंग लावले नाही, की त्यांच्याविषयी कधी गोष्ट सांगितली नाही. ती पाकिटात गेली व पाकीट कपाटात. मुंबईच्या व्यापाऱ्याने त्यांस दर्शनी किंमतही देऊ केली नाही, कारण त्याच्याकडेच तसली पाकिटे शेकड्यांनी येतात.

म्हणून मला वाटते, लहानांना छंदात मौज उरली आहे काय, या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांच्या वागण्यात आहे. मोठ्यांनी त्यास ठेव समजून कुलपात घातले, तर लहानांना त्यात मौज वाटण्याचे कारण नाही. वस्तू हाताळता आली पाहिजे, बदलता आली पाहिजे, प्रसंगी हरवताही आली पाहिजे. तिच्यामागे काही गोष्ट असली पाहिजे, आणि ती सांगणारे माणूस शेजारी बसलेले असले पाहिजे. एवढे असेल, तर मग ते तिकीट असो, नाणे असो, काड्यापेटीवरचे चित्र असो, नाही तर खेळाडूचा पत्ता असो.

ज्यांना तिकिटांचाच नाद लावावयाचा आहे, त्यांना आजही वाट आहे. मुंबईच्या मोठ्या टपाल कार्यालयात व इतर मोठ्या शहरांत छंदिष्टांसाठी स्वतंत्र विभाग आहेत; तेथे नवी तिकिटे मिळतात. २०१७ साली डाक विभागाने सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी या छंदाची एक शिष्यवृत्तीही सुरू केली, ती वर्षाला ६,००० रुपयांची. राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांची तिकिटे २०१८ साली निघाली व त्यांत आमेरही आहे. आरंभ करणाऱ्याने एवढेच पाहावे, की एखादा विषय धरावा. पक्षी, किल्ले, आगगाड्या, काहीही. तिकीट चिमट्याने उचलावे, डिंकाने कधीच चिकटवू नये, आणि प्रत्येक तिकिटाखाली दोन ओळी स्वतः लिहाव्यात. त्या दोन ओळींसाठी जे वाचावे लागते, तेच शेवटी पदरात राहते.

*

उतरताना जलेब चौकाजवळ नातीने आमेरची चित्रे असलेली तीन कार्डे विकत घेतली. एक मैत्रिणीसाठी, एक आजीसाठी, आणि तिसरे, थोडी लाजत तिने सांगितले, स्वतःच्याच नावे. "टपालाने आले पाहिजे ना! नाहीतर ते खरे कसे?"

तिकिटे कोठे मिळतील, असे तिच्या वडिलांनी विचारले. मी म्हणालो, "तुझ्या पिशवीत पाकीटभर आहेत की."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग जिन्यावरच बसून त्याने ते पाकीट उघडले. इतक्या वर्षांत त्या तिकिटांना प्रथमच ऊन लागले असेल. दर्शनी किमतीचे टपाल त्यांवर आजही जाते. वीस वर्षांत दसपट व्हावयाची म्हणून अण्णांनी ठेवलेली ती तिकिटे, पैशाला पैसा या हिशोबाने का होईना, पण तिकिटाच्या कामी यावयाची होती. तिकिटे लहान दरांची असल्यामुळे प्रत्येक कार्डावर पुष्कळ लावावी लागली. मजकुरास जागा कमी पडली. नातीने बारीक अक्षरात लिहिले. पुतण्या एकेक तिकीट छिद्रांच्या रेषेवर काळजीपूर्वक दुमडून सोडवीत होता, आणि सोडविता सोडविता एकदम म्हणाला, "हे मी त्यांच्याबरोबर आणायला गेलो होतो. मी चौथीत होतो. रांगेत उभा राहून कंटाळलो म्हणून त्यांनी मला उसाचा रस पाजला होता." ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होतो, आणि बहुधा त्याच्या मुलीनेही.

आमेर गावात पन्ना-मीनाचे कुंड आहे. नक्षीसारख्या उतरत गेलेल्या त्याच्या पायऱ्या पाहून व जगत शिरोमणीच्या मंदिरात दर्शन घेऊन आम्ही टपाल कार्यालयात गेलो. हे मंदिर मानसिंहाच्या राणीने आपल्या अकाली गेलेल्या पुत्राच्या, जगतसिंहाच्या, स्मरणार्थ बांधविले. गेलेल्या माणसाची आठवण ठेवण्याचे मार्ग ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. टपाल कार्यालयातील बाबूंनी कार्डावरील जुन्या तिकिटांची रांग कुतूहलाने निरखली, मनाशी बेरीज केली, आणि 'ठीक है' म्हणून नातीच्या विनंतीवरून तिच्यासमोरच शिक्के मारले. शिक्का स्वच्छ उमटावा म्हणून त्यांनी खाली एक वही घेतली, हे मला विशेष आवडले.

दुसऱ्या दिवशी जयपुरातील व्यापाऱ्याकडे जावयाचे होते. सकाळी चहाच्या वेळी कोणी तो विषय काढला नाही. दुपारी आम्ही नाहरगडावर गेलो.

आम्ही पुण्यास परतल्यावर ते तिसरे कार्ड आले. त्या दिवशी नातीचा मला फोन आला; कार्ड आले हे सांगण्यासाठी, आणि 'आमेर' हे अक्षर शिक्क्यात वाचता येते, हे दोनदा सांगण्यासाठी. ते कार्ड तिने अण्णांच्या वहीत जयपूरच्या पानासमोर ठेवले आहे. पाकिटातील तिकिटे आता हळूहळू संपत आहेत, कारण राजस्थानी बाईंच्या त्या मुलाचा पत्ता तिने घेऊन ठेवला होता आणि दोघांचे पत्रोत्तर चालू झाले आहे. हिंदी लिहिताना ती मला शब्द विचारते.

वह्या चारही घरातच आहेत. त्यांच्यासाठी कपाटाचा एक खण मोकळा झाला. मध्यंतरी पुतण्याने हळूच चौकशी केली, की ते दोन रुपयांचे तिकीट आज केवढ्याला पडेल, तिच्या वाढदिवसाला देता येईल काय. मी त्यास म्हटले, घाई करू नकोस. ते चित्र तलावाकडून काढले असावे असे तिचे मत आहे आणि जयगडाच्या वाटेवरून असे तुझे. तेवढा वाद काही दिवस चालू दे.

अण्णांनी आखलेला तो चौकोन अजून रिकामाच आहे.